लोहक्रूसाचे मानकरी

दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन वैमानिकांच्या व पाणबुडीच्या कप्तानांच्या गोष्टी आमचे पुष्कळ विद्यार्थी मोठ्या हौसेनें वाचतात. कोणीं किती विमानें पाडलीं, कोणीं किती जहाजें बुडविलीं, हे आंकडे त्यांस मुखोद्गत असतात. ही हौस वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या आंकड्यांवर हीं पदकें मिळत, त्या आंकड्यांत काय मोजलें जाई व काय सुटून जाई, इकडे विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींही थोडें लक्ष द्यावें, एवढ्याकरितां हा लेख.

महायुद्धास तोंड लागलें त्याच दिवशीं, म्हणजे १ सप्टेंबर १९३९ रोजीं, हिटलरनें लोहक्रूसाची एक नवी वरची पायरी निर्माण केली. तिचें नांव नाइट्स क्रॉस. हें पदक गळ्याशीं बांधीत. पुढें त्यावर ओकचीं पानें, तलवारी व हिरे अशा आणखी पायऱ्या चढल्या. पदकाच्या मागें लागलेल्या अधिकाऱ्यास 'याचा गळा दुखतो आहे' असें शिपाई थट्टेनें म्हणत.

गुंथर प्रीन यानें १३-१४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्रीं यू-४७ ही पाणबुडी ब्रिटिश आरमाराच्या स्कापा फ्लो या सुरक्षित मानलेल्या ठाण्यांत शिरविली व रॉयल ओक ही युद्धनौका बुडविली. त्याच्या कौशल्याची वाखाणणी शत्रूनेंही केली. त्या रात्रीं आठशेंहून अधिक खलाशी मेले. त्यांत शंभराहून अधिक मुलें अठरा वर्षांच्या आंतील, म्हणजे आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या वयाचीं होतीं. चाळिसांहून अधिक जहाजें बुडविणारा ओटो क्रेट्श्मर मार्च १९४१ मध्यें कैद झाला. त्याच महिन्यांत प्रीन व शेप्के हे दोघे नामांकित कप्तान समुद्रांत नाहींसे झाले. वैमानिकांत हान्स-योआखिम मार्सेय यानें १५८ विमानें पाडलीं व वयाच्या बाविसाव्या वर्षीं, इंजिन बिघडल्यामुळें विमानांतून उडी घेतांना, प्राण गमावले. एरिख हार्टमान याच्या नांवावर ३५२ विमानें आहेत. युद्धानंतर तो १९५५ पर्यंत रशियांत बंदिवान होता. पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारें चाळीस हजार जर्मनांपैकीं तीस हजार परत आले नाहींत. यांच्या धैर्याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. मात्र तें धैर्य ज्या राजवटीच्या कामीं आलें, तिनें लक्षावधि निरपराध यहुदी स्त्रीपुरुषांचा व मुलांचा संहार केला, हें बाजूस ठेवून त्याचें मोल करतां येत नाहीं.

आतां एक प्रसंग सविस्तर सांगतों. १२ सप्टेंबर १९४२ रोजीं आफ्रिकेच्या पश्चिमेस वेर्नर हार्टेनस्टाइन याच्या यू-१५६ पाणबुडीनें लाकोनिया हें ब्रिटिश जहाज बुडविलें. जहाजावर सुमारें २,७०० माणसें होतीं. त्यांत १,८०० च्या आसपास इटालियन कैदी, शिवाय स्त्रिया व मुलेंही होतीं. अंधारांत पाण्यांतून इटालियन भाषेंतील आरोळ्या ऐकूं आल्या, तेव्हां आपण आपल्याच दोस्तांस बुडविलें हें कप्तानाच्या ध्यानांत आलें. त्यानें बुडणाऱ्यांस वर घेण्यास आरंभ केला, आणि तो करतांना इटालियन व इंग्रज असा भेद केला नाहीं. दोनशेंच्या सुमारास माणसें त्या अरुंद पाणबुडीवर चढलीं. बाकीच्यांच्या होड्या दोरानें मागें बांधल्या. मग त्यानें उघड इंग्रजींत संदेश पाठविला कीं, जें जहाज मदतीस येईल त्यावर मी हल्ला करणार नाहीं, मात्र माझ्यावरही हल्ला होऊं नये. दुसऱ्याही पाणबुड्या मदतीस धांवल्या.

१६ सप्टेंबरास एक अमेरिकन विमान आलें. पाणबुडीवर रेड क्रॉसचें निशाण पसरलें होतें. तरीही विमानानें बाँब टाकले, व होड्यांवरील कांहीं लोक मेले. हार्टेनस्टाइन यास होड्यांचे दोर तोडून पाण्याखालीं जाणें भाग पडलें. अखेर सुमारें १,१०० जीव वांचले.

दुसऱ्या दिवशीं, १७ सप्टेंबरास, सेनापति डोनिट्झ यानें बुडालेल्या जहाजांवरील लोकांस मदत करण्यास सर्व पाणबुड्यांस मनाई केली. त्याच दिवशीं हार्टेनस्टाइन यास नाइट्स क्रॉस मिळाला. तो माणसें वांचविल्याबद्दल नव्हे, जहाजें बुडविल्याबद्दल. मार्च १९४३ मध्यें यू-१५६ सर्व खलाशांसह बुडाली. १९४६ सालीं न्यूरेंबर्गच्या न्यायासनापुढें या हुकुमाची चर्चा झाली, तेव्हां अमेरिकन नौसेनापति निमिट्झ यानेंही पॅसिफिक महासागरांतील आपल्या पाणबुड्यांच्या वर्तनाविषयीं स्पष्ट साक्ष दिली. डोनिट्झ यास दहा वर्षांची शिक्षा झाली. हाइन्झ एक या दुसऱ्या कप्तानानें तर मार्च १९४४ मध्यें पेलेउस जहाजाचे अवशेष नाहींसे करतांना तरंगणाऱ्या माणसांवर गोळ्या झाडविल्या. त्याबद्दल त्यास देहान्त शासन झालें.

वैमानिकांतही असा एक होता. २० डिसेंबर १९४३ रोजीं ब्रेमेनजवळ फ्रान्झ स्टिग्लर यास एक छिन्नभिन्न झालेलें अमेरिकन बाँबफेकी विमान दिसलें. शेपटीकडील गोलंदाज मेलेला होता व आंत जखमी पडले होते. बंदुकीचा चाप दाबला असता तर आणखी एक आंकडा वाढला असता. स्टिग्लर त्या विमानाच्या शेजारून उडत राहिला व त्यास समुद्रापर्यंत पोहोंचवून परतला. ही गोष्ट त्यानें वरिष्ठांस सांगितली नाहीं. सांगता तर मृत्युदंडच होता. त्या विमानाचा चालक चार्ल्स ब्राउन यानें १९९० मध्यें त्याचा शोध लावला. तो तेव्हां कॅनडांत राहत होता. दोघांचा स्नेह जडला व २००८ सालीं दोघेही वारले. स्टिग्लर यास नाइट्स क्रॉस कधींच मिळाला नाहीं.