शिल्प आणि त्याची जागा

शिल्प म्हटलें कीं संग्रहालयांतील मूर्ति आपल्या डोळ्यांपुढें येते. ती उचलून दुसऱ्या दालनांत ठेवली तरी तिचें सौंदर्य फारसें उणें होत नाहीं. उघड्यावर, रहदारीच्या वाटेवर उभारलेल्या प्रचंड शिल्पाची गोष्ट निराळी. वारा, ऊन, पाऊस, दुरून दिसणारें क्षितिज आणि शेजारून रोज जाणारीं माणसें, या सर्वांशीं त्याला व्यवहार करावा लागतो. तो कसा होतो हें विद्यार्थ्यांस कळावें म्हणून आम्ही येथें दोन शिल्पें शेजारीं शेजारीं मांडीत आहों. दोन्ही एकाच जातीच्या पोलादाचीं. दोहोंवर लोकांचा रोष झाला. दोहोंची गति मात्र भिन्न झाली.

हें पोलाद साधें नव्हे. त्यांत तांब्याचा थोडा अंश असतो. साध्या लोखंडाचा गंज पापुद्र्यांनीं गळतो व आंतील धातूस खात जातो. याचा गंज घट्ट बसून आंतील धातूचें रक्षण करतो. त्यामुळें त्यास रंग द्यावा लागत नाहीं. तपकिरी, तांबूस छटा त्यावर हवा व पाऊस हींच चढवितात.

पहिलें शिल्प इंग्लंडच्या उत्तर भागांत गेट्सहेड येथें आहे. अँटनी गॉर्मली यांचा हा 'उत्तरेचा देवदूत' १९९८ सालीं उभा राहिला. उंची २० मीटर, पंखांचा विस्तार ५४ मीटर, वजन सुमारें २०० टन. पंख पक्ष्याचे नव्हेत, विमानाचे आहेत. आणि ते किंचित्, सुमारें साडेतीन अंश, पुढें झुकविलेले आहेत. एवढ्याशा झुकावानें तो अवाढव्य देह खालीं उभ्या असलेल्या माणसास कवेंत घेत आहेसा वाटतो.

तो ज्या टेकाडावर उभा आहे तेथें पूर्वीं एका कोळशाच्या खाणीचीं स्नानगृहें होतीं. काळवंडलेले कामगार वर येऊन तेथें अंग धूत. ज्या भूमीखालीं पिढ्यान्‌पिढ्या माणसें अंधारांत राबलीं, तिच्यावर उजेडांत ही आकृति उभी आहे, हें शिल्पकारानें जाणूनच केलें. शिवाय एवढे रुंद पंख म्हणजे वाऱ्याला मिळालेलें शीडच! ताशीं १०० मैलांहून अधिक वेगाचा वारा सोसावा म्हणून काँक्रीटचे खांब २० मीटर खोल खडकापर्यंत नेले आहेत. म्हणजे आकृति जेवढी वर, तेवढाच तिचा पाया खालीं. खाणकाम करणाऱ्या प्रांतास हा हिशेब समजावून सांगावा लागला नसेल. अंगावरच्या उभ्या फासळ्या जहाजाच्या सांगाड्याची आठवण देतात, आणि टाइन नदीवर जहाजें बांधणाऱ्यांस तीहि घडण ओळखीची.

आरंभीं मात्र गांवांत मोठी ओरड झाली. खर्च फार, रूप ओबडधोबड, मोटारी हांकणाऱ्यांचें लक्ष विचलित होईल, असे आक्षेप निघाले. उभारणीनंतर कांहीं महिन्यांतच न्यूकॅसलच्या फुटबॉल संघाच्या चाहत्यांनीं आपल्या आवडत्या खेळाडूचा प्रचंड सदरा देवदूताच्या अंगावर चढविला. परक्याला कोणी असा सदरा घालीत नाहीं.

दुसरें शिल्प न्यूयॉर्कचें. रिचर्ड सेरा यांची 'टिल्टेड आर्क' ही १२० फूट लांब, १२ फूट उंच व अवघी अडीच इंच जाड अशी वक्र, कललेली भिंत १९८१ सालीं सरकारी कचेऱ्यांपुढील चौकांत उभी राहिली. सेरा यांनीं जागेचा विचार केला नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. माणसें चौक कोठून कशीं ओलांडतात याचा त्यांनीं बारकाईनें अभ्यास केला होता. चालतां चालतां भिंत व चौक पावलागणिक बदलत जावा, हा त्यांचा हेतु. पण तेथील कारकुनांस दुपारीं बसावयास तेवढीच मोकळी जागा. त्यांना रोज वळसा पडूं लागला. १९८५ सालीं जाहीर सुनावणी झाली. १२२ जण शिल्प राखावें म्हणून बोलले, ५८ जण काढावें म्हणून. तरी निर्णय काढण्याचाच झाला.

आमच्या मतें गेट्सहेडच्या शिल्पानें जागेची आठवण जपली आणि न्यूयॉर्कच्या शिल्पानें जागेशीं वाद घातला. वाद घालणें हेंहि उत्तरच होय. परंतु ज्यांस उपाहाराचा डबा घेऊन रोज त्या वादांतून जावें लागे, त्यांना तो आरंभीं कोणी विचारला नव्हता. आपल्याकडील चौकांतले कित्येक पुतळे तर वादहि घालीत नाहींत व आठवणहि ठेवीत नाहींत. तोच चौथरा, तेंच कठडें. एका गांवचा पुतळा दुसऱ्या गांवीं नेला तर कोणाच्या ध्यानांतहि येणार नाहीं.

सेरा यांचें म्हणणें असें कीं, ही कृति याच जागेसाठीं घडविली आहे. ती हलविणें म्हणजे तिचा नाश करणें. १५ मार्च १९८९ च्या रात्रीं भिंतीचे तीन तुकडे करून ते सरकारी कोठारांत नेले. सेरा २०२४ सालीं निवर्तले. भिंत पुन्हा कोठेंच उभी राहिली नाहीं. रिकाम्या चौकांत १९९७ च्या सुमारास हिरवीं, वळणावळणाचीं बांकें मांडण्यांत आलीं. पुढें तींहि काढून चौक पुन्हा नव्यानें रचला.