आईवडील विभक्त झाले, मुलांचे काय?



पती-पत्नीचे पटेनासे झाले की दोन्हीकडची मंडळी बसतात, चर्चा होते आणि शेवटी स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहिली जाते. तीत भांडीकुंडी, दागिने, लग्नखर्च यांचा हिशेब असतो. तळाशी एक ओळ असते : मुलगा वडिलांकडे, मुलगी आईकडे, मुलांच्या खर्चासाठी कोणी काही मागणार नाही. भांड्यांसारखीच मुलांची वाटणी होऊन जाते. अशा कागदाला कायद्यात किंमत किती आणि धम्माच्या दृष्टीने त्यास काय म्हणावे, हे प्रत्येक सभासदाने समजून घेतले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आपणांस कोणता कायदा लागू?

बौद्ध पद्धतीने लागलेल्या विवाहास १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू होतो. मुलांच्या बाबतीत १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आणि त्याच्या जोडीला १८९० चा पालक व पाल्य कायदा आहे. या कायद्यांच्या नावातील ‘हिंदू’ हा शब्द आपल्यापैकी अनेकांना खटकतो. परंतु बौद्ध, जैन व शीख यांनाही ते लागू होतील, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. त्यांचे मूळ बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलात आहे, हेही विसरता कामा नये. त्या बिलाची वाट अडवली गेली आणि १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये त्याच विषयांवर स्वतंत्र कायदे झाले. नोंदणी पद्धतीने, म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेल्यांसाठी त्या कायद्यातील कलम ३८ मध्ये मुलांच्या ताब्याची तरतूद आहे.

पालकत्व आणि ताबा

हे दोन शब्द वेगळे आहेत. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने कायदेशीर निर्णय घेण्याचा अधिकार. ताबा म्हणजे मूल रोज कोणाजवळ राहील, कोणाच्या हातचे जेवेल, हा प्रश्न. १९५६ च्या कायद्याचे कलम ६ सांगते की, नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई. मात्र पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे तेच कलम म्हणते. ‘वडिलांच्यानंतर’ याचा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर, असा लावला जात असे. लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ दूर केला. वडील मुलाकडे लक्षच देत नसतील, तर त्यांच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक ठरू शकते.

या सर्वांच्या वर कलम १३ आहे. पालक ठरविताना मुलाचे कल्याण हाच सर्वश्रेष्ठ विचार राहील, असे ते सांगते. मूल ही आईची किंवा बापाची मालमत्ता नव्हे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७३ पासून अनेक निकालांत मांडले आहे.

न्यायालय काय पाहते?

समजा, एका घरात चार वर्षांचा मुलगा व अकरा वर्षांची मुलगी आहे. वडिलांना कायम नोकरी आहे, आई शिवणकाम करते. ‘पैसा बापाकडे, म्हणून मुले बापाकडे’ असा न्याय येथे चालत नाही. मुलाचे वय, त्याची सवय, शाळा, प्रकृती, सांभाळणाऱ्याचे वर्तन आणि प्रत्यक्ष सांभाळ कोण करीत आले आहे, हे पाहिले जाते. आईची कमाई कमी असेल, तर वडिलांकडून मुलांचा खर्च देववता येतो. मुलगी जाणत्या वयाची असल्याने न्यायाधीश तिच्याशी बोलून तिची इच्छाही विचारात घेऊ शकतात. तिला पढवून आणणे मात्र फार मोठे पाप आहे. आज एकाविरुद्ध बोलायला शिकविलेले मूल आयुष्यभर मनात दोघांविषयीही अढी ठेवते.

ताबा एकाला मिळाला म्हणून दुसऱ्याचे नाते तुटत नाही. त्याला भेटीचा हक्क मिळतो. सुट्टीत मूल त्याच्याकडे राहू शकते, दूर असेल तर फोनवरून बोलू शकते. ताब्याचा आदेश कायमचा दगडावर कोरलेलाही नसतो. परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो.

सोडचिठ्ठीचे काय?

नुसत्या सोडचिठ्ठीने विवाह कायद्याने संपतोच असे नाही. तशी पूर्वापार रूढी असल्याचे न्यायालयात सिद्ध करावे लागते. मुलांविषयी त्यात काहीही लिहिले असले, तरी ते न्यायालयावर बंधनकारक नाही. आईने ‘काही मागणार नाही’ असे लिहून दिले, तरी मुलाचा पोटगीचा हक्क बुडत नाही. तो हक्क मुलाचा आहे, आईला तो सोडून देता येत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली ही पोटगी मागत. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे.

धम्म काय सांगतो?

भगवान बुद्धांनी कपिलवस्तूत राहुलास प्रव्रज्या देवविली, तेव्हा आजोबा शुद्धोदन व्याकूळ झाले. आईवडिलांच्या अनुमतीवाचून कोणाच्याही मुलास प्रव्रज्या देऊ नये, अशी विनंती त्यांनी केली. तथागतांनी ती मान्य करून संघासाठी तसा नियम केला, ही कथा विनयपिटकाच्या महावग्गात आहे. अनुमती मागायची ती माता आणि पिता दोघांची, हे लक्षात घ्यावे. संघात नेण्यासारख्या सत्कार्यासाठीही आईवडिलांना डावलून मूल नेऊ नये, असा हा नियम. मग केवळ रागापोटी, दुसऱ्याला धडा शिकविण्यासाठी मूल पळवून नेणे कोणत्या धम्मात बसते?

सिगालोवाद सुत्तात आईवडिलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : मुलांना पापापासून परावृत्त करणे, सन्मार्गाला लावणे, विद्या-कला शिकविणे, योग्य विवाह करून देणे आणि वेळेवर वारसा सोपविणे. पती-पत्नीचे नाते तुटल्यावर ही कर्तव्ये संपतात, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही.

आपण काय करावे?

समेटासाठी बसणाऱ्या कार्यकर्त्यांनी पहिला प्रश्न मुलांचा घ्यावा : त्यांची शाळा कोणती, परीक्षा कधी, रात्री ती कोणाजवळ झोपतात? भावंडांची शक्यतो ताटातूट करू नये. मुलांसमोर आरोप-प्रत्यारोप होऊ देऊ नयेत. शाळेचा दाखला, जन्मदाखला व दवाखान्याचे कागद जपून ठेवण्यास सांगावे. जे ठरेल ते केवळ स्टॅम्पपेपरवर न ठेवता न्यायालयाच्या आदेशात आणावे. महाराष्ट्रात १९८९ पासून कौटुंबिक न्यायालये सुरू झाली. तेथे समुपदेशक असतात आणि आधी समेटाचा प्रयत्न होतो. जेथे असे न्यायालय नाही, तेथे जिल्हा न्यायालयाकडे जावे. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून कोणी गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, बालके व अनुसूचित जातीच्या व्यक्ती यांना मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात साधा अर्ज करावा.

बंधू-भगिनींनो, नवरा-बायकोला वेगळे होता येते, आईबापाला नाही. पुढच्या वेळी आपल्या वस्तीत अशी बैठक बसेल, तेव्हा ‘मूल कोणाचे?’ असे कोणी विचारले, तर ‘मुलाचे भले कशात?’ असे विचारणारा निदान एक सभासद तेथे असावा. तो सभासद आपणच व्हावे, एवढीच आमची विनंती आहे.