स्क्रीनवरचा आकडा, समोरचा माणूस

चि. भाचीस,


तू टीमलीड झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. अंदाज, रिपोर्ट, उमेदवारांची पहिली चाळणीसुद्धा एआय करतं, मग लीडरने करायचं काय, असं तू विचारलंस. त्यासाठी ब्रिटनच्या पोस्टातली हकिकत सविस्तर लिहिते.

तिथल्या शाखांचा हिशेब १९९९ पासून फुजित्सूच्या ‘होरायझन’ या संगणक प्रणालीवर गेला. थोड्याच काळात गावोगावच्या सबपोस्टमास्तरांना हिशेबात तूट दिसू लागली, आणि पैसे तर कुणी घेतलेले नव्हते. हेल्पलाइनवर अनेकांना एकच उत्तर मिळे: अशी तक्रार फक्त तुमचीच आहे. कुणी पदरचे पैसे भरले, कुणी दिवाळखोर झालं, एक गरोदर बाई तुरुंगात गेली. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जण चोरी, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. संगणक नीटच चालत असणार, असं न्यायालयंही गृहीत धरत होती.

वेल्समधला सबपोस्टमास्तर ॲलन बेट्स मात्र हटला नाही. २००९ मध्ये त्यानं फेनी कॉम्प्टन या खेड्यात अशा लोकांना एकत्र बोलावलं. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयानं प्रणालीतले दोष मान्य केले. शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ उजाडलं.

होरायझन म्हणजे एआय नव्हे. पण एआय चुकीचं उत्तरही इतक्या सफाईनं देतं की यंत्रावर आंधळा विश्वास ठेवण्याची तीच चूक आज आणखी सहज होईल. पोस्टात तक्रारी शेकडो होत्या. त्या शेजारी शेजारी मांडून संगणकावर शंका घेण्याचं धैर्य वरिष्ठांनी दाखवलं नाही. मला हे सॉफ्टवेअरच्या दोषापेक्षा गंभीर वाटतं.

टोयोटाच्या कारखान्यात रीत उलट आहे. लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला काही खटकलं की तो दोरी ओढतो, टीमलीडर धावत येतो, आणि अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. तुझ्या टीममधल्या नवख्या पोरानं ‘हे उत्तर पटत नाही’ म्हटलं, तर पुरावा मागण्याआधी त्याचं पूर्ण ऐकून घे. त्याचा अंदाज चुकला तरी चारचौघांत त्याला खाली पाहायला लावू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी तो गप्प बसेल.

जबाबदारीही यंत्रावर ढकलता येत नाही. आजी वारल्यावर निघालेल्या प्रवाशाला एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं तिकीट-सवलतीची चुकीची माहिती दिली. चॅटबॉटच्या बोलण्याला आपण बांधील नाही, असा पवित्रा कंपनीनं घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या लवादानं तो फेटाळून भरपाई द्यायला लावली.

तेव्हा एआयच्या प्रत्येक शिफारशीखाली ती तपासणाऱ्याचं नाव आणि कुणाची हरकत असेल तर तीही लिहायची पद्धत पहिल्याच आठवड्यात पाड. कुणाची बढती नाकारायची वेळ आली, तर मेल पाठवून मोकळी होऊ नकोस. समोर बसवून कारण सांग, आणि त्याला काय म्हणायचंय तेही विचार.

तुझी,
मावशी