बर्फावर निघालेल्या भाचीला

पालम, 16 जानेवारी

चि. वैष्णवी,

फेब्रुवारीत तुम्ही चौघं मनालीच्या वर, गाईड न घेता, बर्फात मुक्काम करणार असं ताईनं सांगितलं. जाऊ नकोस असं मी लिहिणार नाही. उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स तू नेटानं पुरा केलास, सह्याद्रीत तर लहानपणापासून हिंडतेस. पण सह्याद्रीतला अंदाज तिकडे चालत नाही, आणि कुपवाड्यात नोकरी केलेल्या माणसाला हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर काल दहा जण गेले, तर आज तुला जायला हरकत नसते. बर्फाच्या उताराचं तसं नाही. कालची पावलं उमटलेली दिसली म्हणून तो आज सुरक्षित आहे असं समजू नकोस.

आपल्याकडे पेरणीआधी वरची माती भिजलेली दिसली तरी शेतकरी हातानं उकरून ओल किती खोल गेली ते बघतो. बर्फातही खणूनच बघावं लागतं. डिसेंबरात पडलेला पातळ थर कडाक्याच्या थंडीत रवाळ आणि सुटा होतो. त्यावर नवा बर्फ साचून वाऱ्यानं घट्ट झाला की वरून सगळं पक्कं दिसतं, आत मात्र धरून ठेवणारं काही नसतं. एका माणसाच्या वजनानं तो थर मोडतो आणि वरची अख्खी लादी सुटते. गिर्यारोहकांचे बळी घेणारी बहुतेक हिमस्खलनं त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या पावलानं सुटलेली असतात. पायाखाली ‘धप्प’ आवाज होऊन बर्फ खचला किंवा पायापासून भेगा पळाल्या, तर तिथे चर्चा नको. आल्या वाटेनं फिरा.

तरी खणलेल्या खड्ड्यावरही पुरता विश्वास ठेवू नकोस, दहा पावलांवर थर वेगळा निघतो. नक्की मोजता येतो तो कोन. अशा लाद्या बहुतेक वेळा 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. म्हणून वाट 30 अंशांखालच्या उतारावरूनच आखा. आणि नुसता पायाखालचा उतार बघून भागत नाही, डोक्यावर काय आहे तेही बघा. तंबूला सपाट जागा मिळाली याचा आनंद होतो, पण ती वरच्या नाळेच्या तोंडाशीच असते कितीदा तरी! मोठ्या हिमवर्षावानंतर निदान दोन दिवस चढू नका, वाऱ्यानं बर्फ आणून टाकलेली बाजू टाळा. डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचा इशारा देते, तो रोज वाचा.

4 ऑक्टोबर 2022 रोजी द्रौपदी का डांडा-2 या शिखरावर तुझ्याच संस्थेची प्रगत कोर्सची तुकडी लादीखाली सापडली. 27 जणांचे मृतदेह मिळाले, दोघे सापडलेच नाहीत. मृतांत एव्हरेस्ट चढलेल्या प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. अनुभव कामाचा खरा, पण बर्फाला तो दिसत नाही.

आणि जानेवारी 2017 मधलं कुपवाड्यातलं माछिल. बर्फाखाली अडकलेल्या पाच जवानांना साथीदारांनी जिवंत बाहेर काढलं. त्यांतला एक आपल्या परभणी जिल्ह्यातला होता. हवामानामुळे त्यांना वेळेत हवाई मार्गानं हलवता आलं नाही, आणि 30 तारखेला पाचही जण गेले. सैन्याची सगळी यंत्रणा हाताशी असताना ही गत. तुमच्याकडे फक्त तुम्ही चौघं असाल. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर जगण्याची आशा मोठी, अर्ध्या तासानंतर फार थोडी. बाहेरची मदत तेवढ्यात येत नाही. म्हणून चौघांकडेही बीकन, प्रोब आणि फावडं हवं. तिघांकडे आहे, चौथ्याचं बघू, हे चालणार नाही. पुण्यात एखाद्या मैदानात बीकन पुरून शोधायचा सराव करा, हात गारठलेले असताना नवं काही सुचत नाही. धोक्याच्या पट्ट्यातून एकेकानं जा, बाकीच्यांनी नजर हलवू नये.

एक गोष्ट निघण्याआधीच ठरवा: चौघांतल्या एकानं ‘परत’ म्हटलं की कारण न विचारता सगळे परत. रजा टाकलेली असते, तिकिटं काढलेली असतात, शिखर समोर दिसत असतं, अशा वेळी हे नव्यानं ठरवता येत नाही. ‘परत’ म्हणणारी तू असलीस तर मला अभिमानच वाटेल.

वाटेचा नकाशा, तंबूच्या जागा आणि परतीची तारीख मला पाठव, मनालीच्या पोलीस ठाण्यातही लिहून दे. बीकनला पैसे कमी पडत असतील तर ताईला न सांगता मला फोन कर.

तुझा,
मामा