न्यूरेंबर्गचा नाताळ बाजार : चला सफरीला!



नाताळ म्हटलं की मुलांना सांताक्लॉज आणि केक आठवतो. जर्मनीत मात्र नाताळ म्हणजे आधीचे जवळजवळ चार आठवडे भरणारा बाजारही. आज न्यूरेंबर्ग शहरातला बाजार पाहूया.

कुठे आणि कधी?
जुन्या शहराच्या मुख्य चौकात, फ्राउएनकिर्शे या चर्चसमोर हा बाजार भरतो. २४ डिसेंबरला तो संपतो. म्हणजे २५ तारखेला पोचलात तर बाजार उठलेला असेल! या बाजाराचा सर्वांत जुना लेखी पुरावा १६२८ सालचा आहे, तोही एका लाकडी डबीवर लिहिलेला.

काय पाहाल?
लाकडी दुकानं, त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. सुकवलेल्या आलुबुखारांच्या बाहुल्या. दालचिनी, लवंग घातलेलं लेबकुखेन हे गोड बिस्किट. थंडीत गरम पेय मगातून देतात आणि मगासाठी अनामत घेतात. मग परत दिला की पैसे परत, कचराही नाही.

क्रिस्टकिंड
इथे बाजाराचं उद्घाटन सोनेरी केसांचा टोप आणि मुकुट घातलेली ‘क्रिस्टकिंड’ करते. दर दोन वर्षांनी शहरातल्या एका १६ ते १९ वर्षांच्या मुलीची निवड होते. चर्चच्या सज्जातून ती सर्वांना बाजाराचं आमंत्रण देते.

२०१९ साली निवडलेल्या मुलीचे वडील मूळचे भारतीय. तिच्या दिसण्यावरून एका राजकीय पक्षाच्या स्थानिक शाखेने समाजमाध्यमावर टोमणा मारला. शहरातली माणसं तिच्या पाठीशी उभी राहिली, ती पोस्ट काढावी लागली, आणि त्या वर्षी बाजार तिनेच उघडला. परंपरा जुनी आहे म्हणून ती ठरावीक चेहऱ्यांचीच असते का?

आपल्या वर्गातही परराज्यातून, परगावाहून आलेली मुलं असतात. गॅदरिंगला मुख्य भूमिका वाटताना आपण त्यांना मागच्या रांगेत तर उभं करत नाही ना? जरूर विचार करा.

वर्गासाठी उपक्रम
१) समजा, पेय ५ युरो आणि मगाची अनामत ३ युरो. चौघांनी एकेक पेय घेतलं, तीन मग परत दिले. एकूण खर्च किती?
२) नकाशात न्यूरेंबर्ग शोधा.
३) आपल्या जत्रेतला मान कोणाकोणाला मिळतो? घरी विचारून पाच ओळी लिहा.