ग्रासकटर भाड्याने देताय? आधी पेट्रोल सांभाळा

टू-स्ट्रोक इंजिनला ऑइल मिळतं ते पेट्रोलमधूनच. गिऱ्हाईकाने नुसतं पेट्रोल ओतलं की पिस्टन जाम, आणि ऐन पावसाळ्यात मशीन दुकानात पडून! म्हणून मिक्स केलेलं पेट्रोल आपणच द्यायचं, त्याचे पैसे वेगळे लावायचे. मॅन्युअलमध्ये १:५० असेल तर लिटरला २० मिली टू-टी ऑइल, १:२५ असेल तर ४०. झाकणाच्या अंदाजाने नको, मापाने घाला.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि पाणी तळाला बसतं. महिन्याभरात संपेल एवढंच मिक्स करा, घट्ट झाकणाच्या पेट्रोल कॅनमध्ये, सावलीत. कॅनवर तारीख टाका. पाण्याच्या बाटलीत तर अजिबात नको, कुणीतरी तोंडाला लावेल.

सीझन संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. कार्बोरेटर चिकटणार नाही.