बीपी मोजलं, पण लघवी तपासली का?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत कोणी गरोदर असली की मी तिचं माता-बाल संरक्षण कार्ड मागते. वजन लिहिलेलं असतं, हिमोग्लोबिन असतं, पण लघवीचा रकाना बऱ्याचदा रिकामा. कारण विचारलं तर, "ताई, बाटली हातात घेऊन जायची लाज वाटते." म्हणून या वेळी हाच विषय.

पाचवा महिना संपत आला, म्हणजे २० आठवडे झाले, की त्यानंतर काही जणींचं बीपी वाढतं. ते १४०/९० किंवा त्याहून वर गेलं आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, तर त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. किडनी म्हणजे आपली चहाची गाळणी समजा. नको ते खाली सोडायचं, हवं ते वर धरायचं. या आजारात किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या आतून सुजतात, गाळणी बिघडते. प्रथिनं गळून जातात आणि मीठ-पाणी अंगात साठतं.

पाय सुजणं चालायचंच, असं सासूबाई म्हणतात. ते बरेचदा खरंही असतं. पण चेहरा सुजला, बांगड्या हातात रुतू लागल्या, तर त्याच दिवशी बीपी मोजा. आणि सूज अजिबात नसतानाही हा आजार असू शकतो, म्हणून तपासणी दर खेपेला हवी.

डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, उजव्या बरगडीखाली दुखतंय, लघवी कमी झालीय, यातलं एक जरी असलं तरी सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, पैसे लागत नाहीत. आकडी आली तर देवऋषी नको, दवाखाना. तिथे आकडीवर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन असतं.

डॉक्टर रक्तातलं क्रिएटिनिनही बघतात. गरोदरपणी किडनी जास्त काम करते, त्यामुळे हा आकडा एरवीपेक्षा कमी असायला हवा. १.१ च्या वर गेला तर काळजीचं. "रिपोर्ट नॉर्मल दिसतोय" असं घरच्या घरी ठरवू नका.

जेवण अळणी करून किंवा पाणी तोडून हा आजार जात नाही. खरा उपाय बाळंतपणच. ते कधी करायचं हे डॉक्टर ठरवतात. पहिलटकरीण, जुळी, आधीच्या खेपेला हा त्रास, मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल तर पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा. अशा काही जणींना डॉक्टर लवकर, शक्यतो १६ आठवड्यांच्या आत, ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू करतात. मनाने मात्र घेऊ नका.

बाळंतपणानंतरही सहा आठवडे बीपीवर लक्ष हवं. पुढे दरवर्षी एकदा बीपी आणि लघवी तपासा, कारण अशा बायकांना नंतर बीपीचा आणि किडनीचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. गटातल्या दोघी-तिघी मिळून जा, म्हणजे बाटलीची लाजही वाटणार नाही.